जुन्या ऑटोमॅटिक टर्नटेबलची पारख आणि दुरुस्ती

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना आजोबांच्या शंभरेक एलपी आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) काही तबकड्या निघाल्या. त्या ऐकणार आहेत मुख्यतः आपले वडील. त्यांचा हात कापत असल्यामुळे आर्म (सुई धरणारा दांडा) आपोआप तबकडीवर उतरवणारा आणि बाजू संपल्यावर आपोआप जागेवर नेणारा टर्नटेबल आपल्याला हवा आहे. जुन्या बाजारात आपण गॅरार्डचा २०२५ टीसी हा चेंजर (चळतीतल्या तबकड्या एकामागून एक वाजवणारा टर्नटेबल) पाहिलात. त्याचा प्लॅटर (तबकडी ठेवायची थाळी) फिरतो, पण आर्म तबकडीवर टेकला की लगेच उचलला जाऊन परत जातो. विक्रेता बारा हजार मागतो आणि ‘मशीन चालू आहे, फक्त थोडं सेटिंग आहे’ असे सांगतो. दुसरीकडे न्यू जर्सीतला मावसभाऊ घरी पडून असलेला ड्युअल १२१९ पुढच्या खेपेला आणून द्यायला तयार आहे. यांतला कोणता घ्यावा आणि पुण्यात त्याची दुरुस्ती होईल का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते इथे मॉडेलची तुलना दुय्यम आहे. ही दोन्ही यंत्रे पन्नास वर्षांच्या आसपासची आहेत. या वयाच्या यंत्राबाबत पहिला प्रश्न हाच विचारावा की त्यात जे बिघडले आहे ते साफसफाईने सुधारेल, की त्यासाठी आता कुठेच न बनणारा एखादा भाग लागेल. लोकांना भीती वाटते ती ऑटोमॅटिक यंत्रणेची, कारण प्लॅटर काढला की खाली तरफा, स्प्रिंगा आणि दातेरी चाके यांची दाटी दिसते. माझा अनुभव नेमका उलट आहे. ही यंत्रणा बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा वाळलेले ग्रीस असते आणि तिथे मोडलेले काही नसते. खरे नुकसान इतरत्र असते: आर्मच्या बेअरिंगमध्ये आलेली हालचाल, कार्ट्रिज (सुई धरून तिची थरथर विजेत बदलणारी डबी) ज्यावर बसते ती हरवलेली पट्टी, जळलेले मोटरचे वाइंडिंग, किंवा जस्ताच्या ओतीव भागांना पडलेल्या भेगा. म्हणून वर्षानुवर्षे बंद पडलेले पण कोणी न उघडलेले यंत्र मी ‘नुकतेच सर्व्हिसिंग करून घेतलेल्या’ यंत्रापेक्षा अधिक विश्वासाने घेतो. वाकवलेली तरफ पुन्हा मूळ आकारात आणणे हे वाळलेले ग्रीस काढण्यापेक्षा फार कठीण असते.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या आहेत, त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले बहुतेक जपानी ऑटोमॅटिक टर्नटेबल आपोआप बाद होतात, कारण त्यांत ३३ आणि ४५ हे दोनच वेग असतात. आपल्या ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल घेणारी खास जोडणी) आहे की नाही, यावर कार्ट्रिजची निवड ठरेल. घरात कोणी सोल्डरिंग करणारे आहे का, आणि दोन रविवार शांतपणे घालवण्याची तयारी आहे का, यावर एकूण खर्च ठरेल. हे काम करणारे कारागीर पुण्यात आता मोजकेच उरले आहेत आणि साफसफाईला लागणारा वेळ त्यांच्याकडून विकत घेणे महाग पडते.

जुन्या बाजारात यंत्र तपासण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि बऱ्याच ठिकाणी विजेची सोय नसते. पण चेंजर तपासायला वीज लागतेच असे नाही. सुरू करण्याची दांडी ‘ऑटो’कडे ढकला आणि प्लॅटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश हाताने फिरवा. यंत्रणा शाबूत असेल तर आर्म उचलला जाईल, आत येईल आणि खाली उतरेल. हे सगळे आपल्याच हाताच्या गतीने होत असल्यामुळे कुठे जड जाते, कुठे अडते, हे बोटांना कळते. हळूहळू वाढणारा जडपणा ग्रीसचा असतो. एकाच ठिकाणी ‘टक्’ होऊन अडत असेल तर दात तुटला आहे किंवा एखादा भाग वाकला आहे. तसे असेल तर ते यंत्र सोडून द्यावे.

त्यानंतर आर्मचे पुढचे टोक दोन बोटांत अलगद धरून वरखाली आणि आडवे हलवून पाहावे. बुडाशी किंचितही खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे. स्क्रूंची डोकी टॉर्चने पाहावीत. खाच कुरतडलेली असेल तर चुकीच्या पेचकसाने कोणीतरी आत हात घातलेला आहे. शेवटी सुट्या भागांची चौकशी करावी: तबकड्यांची चळत धरणारा लांब स्पिंडल (प्लॅटरच्या मध्यातली कांब) आहे का, एकच तबकडी वाजवण्याचा आखूड स्पिंडल आहे का, आणि कार्ट्रिज ज्या पट्टीवर बसते ती आहे का. यांतली पट्टी नसेल तर यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे.

आता आपण पाहिलेल्या गॅरार्डच्या लक्षणाकडे येतो. यंत्रणा कशी चालते हे एकदा समजले की पुढचे निदान आपल्याला स्वतःलाच करता येईल. प्लॅटरच्या मध्याशी, खालच्या बाजूला एक लहान दातेरी चाक आणि त्यालाच एक छोटा कंगोरा असतो. शेजारी एक मोठे दातेरी चाक (कॅम) असते, ज्याच्या पृष्ठभागावर वळणावळणाची खाच असते. आर्म उचलणे, बाहेर नेणे, आत आणणे आणि खाली सोडणे ही सगळी कामे या मोठ्या चाकाच्या एका फेरीत, त्या खाचेतून फिरणाऱ्या तरफांकडून होतात. मोठ्या चाकाच्या परिघावर एका ठिकाणी दात मुद्दाम वगळलेले असतात. तबकडी वाजत असताना ती मोकळी जागा प्लॅटरच्या लहान चाकासमोर असते, म्हणून प्लॅटर फिरत राहतो आणि मोठे चाक स्थिर राहते. या मोठ्या चाकावर नखाएवढी एक हलकी पट्टी सैल बसवलेली असते. ती पट्टी कंगोऱ्याच्या वाटेत पुरेशी आत आली की कंगोरा तिला ढकलतो, मोठे चाक थोडे वळते, दातांत दात अडकतात आणि फेरी सुरू होते; यालाच ट्रिप म्हणतात.

ही पट्टी आत ढकलण्याचे काम आर्म करतो, आणि रचनाकारांचे कौशल्य इथेच दिसते. वाजत असताना सुई दर फेरीला दशांश मिलिमीटरच्या आसपासच आत सरकते, त्यामुळे पट्टी केसभर पुढे येते आणि फिरून आलेला कंगोरा तिला हलकेच पुन्हा मागे लोटतो. प्रत्येक फेरीला हे असेच चालू राहते. बाजू संपल्यावर सुई मोकळ्या रेघेत शिरते, तिथे ती एकाच फेरीत कित्येक मिलिमीटर आत जाते. पट्टी एकदम खोल सरकते, कंगोरा तिला मागे लोटू शकत नाही, उलट तिला अडकून ओढतो. म्हणजे तबकडी संपली हे यंत्राला सुईच्या जागेवरून कळत नाही, तिच्या वेगावरून कळते. म्हणूनच बाजू लांबीने कमी असो की जास्त, आर्म योग्य वेळी परत जातो.

हे सगळे घडते ते अगदी अल्प बळावर, कारण सुईने बाजूला जेवढा रेटा द्यायचा तेवढाच उपलब्ध असतो. पट्टीच्या खिळीवर कारखान्यातून निघताना लावलेले किंवा नंतर कोणी ‘मोकळे व्हावे’ म्हणून सोडलेले तेल वाळून लाखेसारखे झाले, की दोन परस्परविरुद्ध तक्रारी एकाच कारणातून निर्माण होतात. पट्टी आत सरकायलाच तयार नसेल तर बाजू संपूनही आर्म उठत नाही आणि सुई मधल्या लेबलाजवळ खरखरत राहते. पट्टी आत सरकून तिथेच चिकटली, म्हणजे कंगोऱ्याला ती मागे लोटता येत नसेल, तर आर्म टेकला रे टेकला की पुन्हा उठतो. आपल्या गॅरार्डची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे आणि मला ती अजिबात घाबरण्यासारखी वाटत नाही. मात्र ‘थोडं सेटिंग’ हे विक्रेत्याचे निदान चुकीचे आहे. इथे कोणताही स्क्रू फिरवायचा नाही. आर्म तबकडीच्या कडेवर नेमका कुठे उतरावा हे ठरवणारा एक स्क्रू आर्मच्या बुडाशी असतो, आणि पुष्कळजण आर्म परत जातो म्हणून तोच फिरवून ठेवतात. त्यामुळे मूळ तक्रार तशीच राहते आणि वर सुई तबकडीबाहेर उतरू लागते.

साफसफाईचा क्रम असा ठेवावा. प्लग काढल्याशिवाय काहीही उघडू नये, कारण प्लॅटरखाली आणि तळाशी २३० व्होल्टची टोके उघडी असतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्यावेत. स्पिंडलभोवतीची क्लिप काढताना तिच्यावर हात किंवा कापड धरावे, नाहीतर ती उडून जाते. प्लॅटर सरळ वर उचलल्यावर खाली बारीक छऱ्यांचे बेअरिंग आणि त्याच्या वरखाली वॉशर दिसतील; त्यांचा क्रम बदलला तर प्लॅटर घासतो, म्हणून ते काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरणीचा कापूस आणि लाकडी टूथपिक एवढ्या सामग्रीने प्रत्येक सांधा, खिळी आणि कॅमची खाच स्वच्छ करावी. थिनर वापरू नये, तो प्लॅस्टिकचे भाग वितळवतो. सर्क्लिप (खिळीवरची गोल क्लिप) काढून ट्रिपची पट्टी पूर्ण सुटी करता आली तर उत्तम. धुतल्यावर ती एवढी मोकळी झाली पाहिजे की चॅसिस थोडे तिरके करताच ती स्वतःच्या वजनाने कलेल.

नंतर काय लावायचे, याबद्दल आपल्या घरांतून बऱ्याच खोडी केल्या जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. ट्रिपची ती पट्टी आणि तिचा सांधा कोरडाच ठेवायचा, तिथे कोणतेही तेल नको. कॅमच्या खाचेत आणि सरकणाऱ्या तरफांच्या खाली लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. फिरणाऱ्या खिळ्यांना शिलाई मशीनचे तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब पुरते. खोबरेल तेल मात्र चुकूनही वापरू नये. ते साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री पारा त्याहून बराच खाली जातो. मे महिन्यात सुरळीत चालणारा प्लेअर थंडीत बंद पडल्याची तक्रार आली की मी आधी वास घेऊन पाहतो. गंज सोडवणारे स्प्रेही टाळावेत, कारण ते आहे ते वंगण धुऊन नेतात आणि मागे चिकट थर ठेवतात.

मोटरकडे दुर्लक्ष करू नये. तिच्या दोन्ही टोकांना सच्छिद्र ब्राँझचे बुश असतात, जे कारखान्यात तेलात भिजवून बसवलेले असतात. ते कोरडे पडले की मोटर गरम होते आणि वेग मंदावतो. मोटर खोलून बुश पुसावेत, पातळ यंत्रतेलात रात्रभर मुरू द्यावेत आणि जुळणी करून तासभर रिकामी फिरवावी. यानंतर येते आयडलर, म्हणजे मोटरच्या पुलीवरून प्लॅटरच्या आतल्या कडेला गती देणारे रबरी चाक. कोणी वाजता प्लेअर मधूनच प्लग काढून वर्षानुवर्षे तसाच ठेवला असेल तर या चाकावर पुलीचा खड्डा पडतो आणि मग दर फेरीला एक ‘धप्’ ऐकू येते. रबर नुसते गुळगुळीत झाले असेल तर अल्कोहोलने पुसून बारीक पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो. खड्डा पडला असेल किंवा रबर कडक झाले असेल तर नवे रबर चढवून घ्यावे लागते, आणि इथे पुण्यात राहण्याचा खरा फायदा आहे: भोसरी-पिंपरी पट्ट्यात छपाईच्या आणि इतर रोलरांवर रबर चढवणारे लघुउद्योजक आहेत. त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगावी, की नवे रबर चाकाच्या स्वतःच्या अक्षावर बसवूनच ग्राइंड करायचे आणि मूळ व्यास कायम ठेवायचा. वर्तुळ किंचित जरी चुकले तरी तानपुरा थरथरतो.

विजेच्या बाजूला दोन ठिकाणी हमखास काम निघते. बंद होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ आवाज येऊ नये म्हणून स्विचवर एक कपॅसिटर लावलेला असतो. जुने कागदी कपॅसिटर चिरतात, क्वचित धूर काढतात, म्हणून तो चांगला दिसत असला तरी बदलावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक्स-२ दर्जाचा (थेट घरच्या विजेवर लावण्यासाठीचा), २७५ व्होल्ट एसीचा, मूळ मूल्याचा कपॅसिटर मिळेल. साधा डीसीचा कपॅसिटर तिथे लावू नये. दुसरी जागा म्हणजे म्यूट स्विच. आर्म ये-जा करत असताना खडखड ऐकू येऊ नये म्हणून यंत्र स्वतःच कार्ट्रिजचा आवाज शॉर्ट करते. त्या बारीक पत्र्या काळ्या पडल्या किंवा चिकटून राहिल्या की एक बाजू मुकी होते किंवा दोन्ही होतात. या एका कारणासाठी चांगली कार्ट्रिज फेकून दिलेली मी पाहिली आहेत. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कागदाची पट्टी त्या पत्र्यांमधून दोन-तीनदा ओढली की काम होते.

ड्युअल १२१९ हे यंत्र गॅरार्डच्या या चेंजरपेक्षा वरच्या दर्जाचे आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याचा प्लॅटर सुमारे तीन किलोचा ओतीव आहे, आर्म हलक्या भारावर चालतो आणि ट्रिपसाठी फार कमी बळ लागते. शिवाय त्यात ७८ चा वेग आहे. पण अमेरिकेतून येणाऱ्या यंत्राला एक अडचण असते. बहुतेकांना वाटते की २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झाले. व्होल्टेजचा प्रश्न त्याने सुटतो, फ्रीक्वेन्सीचा सुटत नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची, आणि या मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीला बांधलेला असतो. त्यामुळे ६० ची पुली इथे तशीच ठेवली तर ३३ च्या जागी प्लॅटर मिनिटाला सुमारे २८ फेरेच घेतो, आणि पांढरी चारमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. वेग बारीकसारीक बदलण्याची जी चावी १२१९ ला आहे तिच्या आवाक्यात एवढा मोठा फरक येत नाही. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली. ती सहापंचमांश व्यासाची असते, स्क्रूने बसते, आणि मिळाली नाही तर चांगला लेथवाला मूळ पुलीवरून पितळेची करून देऊ शकतो. त्यात प्रत्येक वेगाच्या पायरीचा व्यास त्याच प्रमाणात वाढवावा लागतो.

ट्रान्सफॉर्मर घेतानाही १२० ऐवजी १०० ते ११० व्होल्टचा घ्यावा. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० वर पूर्ण १२० दिले तर गरम होते. टर्नटेबलची भूक फार थोडी असल्याने ५० व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

ड्युअलच्या या मालिकेची आणखी एक ओळखीची तक्रार सांगून ठेवतो, म्हणजे यंत्र आल्यावर आपण दचकणार नाही. स्टार्ट दिल्यावर आर्म उचलला जातो, पण आत न येता तिथेच खाली बसतो. आर्मला आडवे नेणाऱ्या तरफेच्या टोकावर रबराची तीळभर टोपी असते, जी कॅमला घासून चालते. पन्नास वर्षांत ती झिजून किंवा विरघळून नाहीशी होते. योग्य जाडीच्या वायरच्या इन्सुलेशनचा दोनएक मिलिमीटरचा तुकडा तिथे बसवला की यंत्रणा पुन्हा चालू होते. तुकडा जास्त लांब किंवा जाड झाला तर आर्म चुकीच्या जागी उतरतो, म्हणून थोडा थोडा कापत जावे.

वेग तपासण्यासाठी स्ट्रोबची चकती (विजेच्या ठेक्याने लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, वेग बरोबर असेल तर जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) कागदावर छापून घ्यावी. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ साठी १८० रेघा आणि ७८ साठी ७७ रेघा लागतात. ती एलईडी दिव्याखाली पाहू नये, कारण पुष्कळ एलईडी दिवे विजेच्या ठेक्याने लुकलुकत नाहीत. निऑनचा छोटा इंडिकेटर चकतीजवळ धरला तर रेघा स्पष्ट दिसतात. चकती नसेल तर प्लॅटरच्या कडेवर कागदाचा कपटा चिकटवावा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले तर ३३ चा वेग अचूक आहे.

कार्ट्रिजबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की जुन्या चेंजरांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. ते काही दशांश व्होल्ट देते, ते ॲम्प्लिफायरच्या साध्या, ऑक्स इनपुटला जोडता येते आणि त्याला सुईवर तीन-चार ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार लागतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज मिलिव्होल्टांत बोलते आणि त्याला फोनो इनपुट लागतेच. २०२५ टीसीसारख्या चेंजरमध्ये हलके मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवून भार दीड ग्रॅमवर आणण्याचा मोह टाळावा, कारण त्याची ट्रिप यंत्रणा तेवढ्या हलक्या रेट्याने नीट चालत नाही. त्याहूनही जुन्या, रोशेल क्षाराच्या क्रिस्टल कार्ट्रिजांचा नाद सोडून द्यावा. तो क्षार हवेतली ओल शोषतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यांतून जिवंत राहिलेली अशी कार्ट्रिज क्वचितच सापडतात. सुई कोणतीही असो, विकत घेतलेल्या जुन्या प्लेअरमधली सुई झिजलेलीच समजावी आणि आजोबांच्या तबकडीवर ती टेकवण्याआधी बदलावी. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिथे खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. टीसी प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये दोन्ही सुया असतात आणि छोटी दांडी उलटवून त्या बदलता येतात, ही सोय आपल्या कामाची आहे. पेटीतल्या ७८ पुसताना अल्कोहोल अजिबात वापरू नये. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

तेव्हा माझा सल्ला असा. मावसभाऊ खरोखर आणणार असेल तर ड्युअलची वाट पाहावी, पण त्याला बांधणीची सूचना आधी पाठवावी: प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा, आर्मचे मागचे वजन काढायचे, आर्म जागेवर बांधायचा आणि वाहतुकीचे स्क्रू मॅन्युअलप्रमाणे आवळायचे. विमानात हेलकावे बसलेला जड प्लॅटर स्पिंडलवरच राहिला तर मधले बेअरिंग जाते, आणि तो भाग इथे तयार होत नाही. गॅरार्ड घ्यायचाच असेल तर तो बंद यंत्र समजून भाव करावा. आर्म परत जातो हा दोष स्वस्तात जाणारा आहे, पण सुई, आयडलर आणि कपॅसिटर यांचा खर्च आपल्याच पदरी पडणार आहे, आणि हे सगळे धरले तर बारा हजार मला जास्त वाटतात. विक्रेता प्लॅटर काढू देत असेल तर खालचे ग्रीस पाहून घ्यावे. पिवळट-तपकिरी, सुकलेले आणि एकसारखे असेल तर ते कारखान्याचेच आहे, अशा यंत्रासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

वडिलांच्या दृष्टीने दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. तबकड्यांची चळत करून एकामागून एक वाजवण्याची सोय चेंजरमध्ये असली तरी ती वापरू नये. एकीवर दुसरी आपटते, शिवाय वरची तबकडी घसरली की वेग हलतो. आखूड स्पिंडल लावून एकेकच तबकडी वाजवावी. दुसरे म्हणजे तबकडीच्या आकाराची दांडी. ती ३० सेंटिमीटरवर असताना २५ ची तबकडी ठेवली तर आर्म इमानाने तबकडीबाहेर, रबरी मॅटवर उतरतो आणि सुई जाते. एलपी आणि ७८ यांच्या खुणा दांडीवर दोन ठळक रंगांनी करून ठेवाव्यात. अगदी जुन्या काही ७८ ना शेवटची मोकळी रेघच नसते, त्यामुळे कितीही दुरुस्त यंत्र असले तरी त्यांच्या शेवटी आर्म आपोआप उठणार नाही. अशा तबकड्या आधी स्वतः वाजवून वेगळ्या काढाव्यात, आणि वडील त्या ऐकत असतील तेव्हा रिजेक्टची (आर्म परत पाठवण्याची) दांडी ढकलायला घरातले कोणीतरी जवळ असावे.